ऊन पाण्याच्या गावी मुक्काम

त्र्यंबकेश्वर मागे टाकून जव्हारचा रस्ता धरला की सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरू लागतो. मोखाडा, जव्हार, विक्रमगड, वाडा, अंबाडी आणि मग वज्रेश्वरी. नाशिकहून तिथे जायचा हा जवळचा रस्ता नव्हे. जवळचा रस्ता इगतपुरी-कसाऱ्याचा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि तो आणखी जवळ आला. सकाळी चहा घेऊन निघालेलं कुटुंब आता जेवणाच्या वेळेआधी तानसा नदीच्या काठी उतरतं, कुंडात बुडी मारतं, देवीचं दर्शन घेतं आणि दिवेलागणीला घरी परततं.

या सोयीबद्दल माझी तक्रार नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याला तास वाचला तर हवाच असतो. पण तानसेच्या काठी जितकं जास्त वेळ थांबलो, तितकी एक गोष्ट मनात पक्की होत गेली: गरम पाण्याला मुक्काम लागतो. ज्या गावात जमिनीतून ऊन पाणी येतं, त्या गावात एक रात्र राहावं, त्या गावातलं जेवावं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पाण्यात उतरावं. जपानी माणूस हेच करतो आणि त्यावर त्याची डोंगरातली शेकडो गावं जगतात. आपल्याकडे पाणी आहे, गाव आहे, रानातलं आणि शेतातलं अप्रतिम अन्न आहे. या तिघांची भेट मात्र होत नाही.

आधी पाण्याबद्दल सांगतो. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही भिवंडी तालुक्यातली एकमेकांना लागून असलेली गावं. त्यांच्या परिसरात तानसेच्या काठी आणि काही ठिकाणी थेट पात्रातच गरम झरे आहेत. अकलोलीला रामेश्वर महादेवाच्या देवळाजवळ बांधीव कुंडं आहेत. सूर्य, चंद्र, अग्नी, वायू अशी त्यांची नावं. गणेशपुरीला भीमेश्वर महादेवाला लागून कुंडं आहेत. पाण्याचं तापमान कुंडागणिक बदलतं. काही कुंडांत सहज बसता येतं, काहींत पाय घातला की झटकन वर येतो. पन्नास अंशांच्या आसपासचं पाणी अंग भाजतं, त्यामुळे नवख्या माणसाने आधी तळहात, मग घोटा, मग गुडघा अशा क्रमाने उतरावं. काठावर बसलेली जाणती माणसं हे सांगतातच. गंधकाचा वास येतो, पण तो उकडलेल्या अंड्यासारखा सौम्य असतो, आणि पाण्यात बसल्यावर थोड्या वेळाने जाणवेनासा होतो.

वज्रेश्वरी देवीचं देऊळ टेकडीवर आहे आणि त्याला किल्ल्यासारखा दरवाजा आहे. पोर्तुगीजांकडून वसई घेण्याच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये वसई पडली आणि नवस फेडण्यासाठी हे देऊळ उभं राहिलं. बावन्न पायऱ्या चढून वर गेलं की खाली तानसेचं खोरं दिसतं. याच नदीवर वरच्या अंगाला १८९२ साली धरण पूर्ण झालं आणि तेव्हापासून तिचं थंड पाणी मुंबईला जातं. ऊन पाणी गावातच राहिलं, कारण ते नळाने नेण्याजोगं नव्हतं.

कुंडांची जुनी कथा अशी की इथे मारल्या गेलेल्या दैत्यांचं रक्त जमिनीखाली अजून ऊन आहे. नवी कथा, जी गाडीतून उतरणाऱ्या सुशिक्षित माणसांत जास्त चालते, ती ज्वालामुखीची. महाराष्ट्राचा काळा कातळ लाव्ह्याचा, म्हणून खाली अजून लाव्हा धुमसत असणार, असा तिचा तर्क. हा तर्क चुकीचा आहे. दख्खनचा तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तो केव्हाच थंड झाला. झऱ्यांचं पाणी पावसाचंच असतं. ते कातळातल्या भेगांतून आणि प्रस्तरभंगांतून खोल उतरतं. पृथ्वीच्या पोटात साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश तापमान वाढतं. खोल गेलेलं पाणी तापतं, खडकातले क्षार विरघळवून घेतं आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर आलं तर निवायच्या आत बाहेर पडतं. म्हणून हे झरे कुठेही नसतात, भेगांच्या ओळीवर असतात. पालघरमधलं कोकनेर आणि सातिवली, इथली वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, महाडजवळचं सव, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, मुंबई-गोवा महामार्गावरची आरवली, संगमेश्वरजवळची तुरळ आणि राजवाडी, आणि शेवटी राजापूर. सह्याद्रीच्या पायथ्याने उत्तर-दक्षिण सुमारे साडेतीनशे किलोमीटरची ही माळ आहे. देशभर असे सुमारे ३४० गरम झरे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने नोंदले आहेत. पहिली मोठी यादी थॉमस ओल्डहॅम यांची. ती १८८२ साली प्रसिद्ध झाली.

नाशिकच्या माणसाला उत्तरेकडेही वाटा आहेत. वणीवरून सापुतारा चढून डांगात उतरलं, वघईच्या पुढे गेलं की गुजरातच्या हद्दीत उनाई लागतं. उनाई मातेच्या देवळाजवळ गरम पाण्याचं कुंड आहे, आणि वनवासातल्या रामाने बाण मारून हे पाणी काढलं, सीता इथे न्हाली, अशी तिथली श्रद्धा. पंचवटीच्या माणसाला ती कथा परकी वाटत नाही. बिलिमोरा-वघई ही अरुंद रुळांची जुनी गाडी उनाईवरून जाते. खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याशी अडावदजवळ उनपदेव आहे. तिथे गोमुखातून ऊन पाणी पडतं आणि शरभंग ऋषींची कथा सांगितली जाते. या सर्व ठिकाणी सुरगाणा, पेठ, डांग, चोपड्याकडचे आदिवासी आणि शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. पर्यटन हा शब्द त्यांच्या येण्याला लागू पडत नाही. सांधे धरलेले असतात, अंगाला खाज असते, नवस असतो, किंवा सुगी झाल्यावर अंग मोकळं करायचं असतं.

जपानमध्ये याचंच व्यवस्थित रूप दिसतं. तिथे गरम पाण्याच्या ठिकाणाला ओन्सेन म्हणतात. देशभर झऱ्यांचे उगम सत्तावीस हजारांच्या घरात आहेत आणि राहण्याची सोय असलेली ओन्सेन-गावं सुमारे तीन हजार. १९४८ सालच्या कायद्याने ओन्सेन म्हणजे काय हे ठरवलं आहे: उगमाशी पाणी २५ अंश किंवा त्याहून ऊन हवं, नाहीतर ठरावीक १९ घटकांपैकी एखादा तरी पुरेशा प्रमाणात हवा. त्या मापाने पाहिलं तर आपली कोकणातली सगळी कुंडं सहज उत्तीर्ण होतात. पण कायद्याच्या फार आधीपासून तिथला शेतकरी ओन्सेनला जात होता. लावणी झाली किंवा कापणी झाली की तांदूळ, मिसो आणि अंथरूण घेऊन डोंगरातल्या झऱ्याकाठी जायचं, सात दिवसांचं एक आवर्तन, अशी जमल्यास तीन आवर्तनं राहायचं, दिवसातून अनेकदा पाण्यात बसायचं आणि सामाईक चुलीवर आपलं आपण शिजवायचं. या प्रकाराला ते तोजी म्हणतात. दमलेल्या शरीराची ही वार्षिक दुरुस्ती. आजची महागडी, नक्षीदार जेवण वाढणारी जपानी उतारगृहं याच साध्या सवयीवर उभी राहिली.

सुगीनंतर शिधा बांधून उनाईला किंवा उनपदेवला जाणारी आपली माणसं आणि तोजीला जाणारा जपानी शेतकरी यांच्यात मला मुळात फरक दिसत नाही. फरक पुढे पडला. तिथे त्या मुक्कामाला गावाने घर दिलं, पंगत दिली, नियम दिले. आपल्याकडे धर्मशाळा होत्या, पण त्यांची पुढची पायरी झालीच नाही, आणि मग वाहनं आली.

नियमांचंच पाहा. जपानी माणूस कुंडात शिरण्याआधी बाहेर बसून साबण लावून अंग स्वच्छ धुतो, साबण पूर्ण काढतो, आणि मगच पाण्यात उतरतो. पाण्यात साबण नाही, कपडा धुणं नाही, अंगपुसणंही पाण्याला लागू द्यायचं नाही. पाणी साधारण ४० ते ४२ अंशांवर ठेवतात. कुसात्सू या गावी उगमाचं पाणी पन्नासच्या वर असतं. त्यात थंड पाणी मिसळलं तर गुण जातो म्हणून लांब लाकडी फळ्यांनी ते ढवळून निववतात आणि ढवळताना गाणं म्हणतात. आपल्या कुंडांच्या काठी मात्र शाम्पूच्या पुड्या आणि साबणाची वेष्टनं दिसतात. कुणी नवस म्हणून अंगावरचे कपडे तिथेच सोडून जातं. श्रद्धा मी समजू शकतो, पण त्या ओल्या कपड्यांचा ढीग उचलायला गावातलीच कुणीतरी बाई वाकते. आधी बाहेर आंघोळ, मग कुंड: हा एक नियम पाळला गेला तरी निम्मा प्रश्न सुटेल. त्यासाठी कुंडाबाहेर चार नळ आणि निचऱ्याचा एक पाट लागतो, एवढंच.

दुसरी गोष्ट बायकांची. आपल्याकडे उघड्या कुंडावर बाई साडीसकट पाण्यात उतरते. वर आल्यावर ती ओली साडी अंगाला चिकटलेली, आडोसा शोधत दोन मैत्रिणी पदर धरून उभ्या, आणि गुडघेदुखीने हैराण झालेली आजी घाईघाईत लुगडं बदलते आहे. ज्यांच्या सांध्यांना या पाण्याची सगळ्यांत जास्त गरज, त्यांनाच तिथे निवांत बसता येत नाही. दापोलीजवळ उन्हवऱ्याला बायका आणि पुरुषांसाठी वेगळी बंदिस्त कुंडं आहेत. हे जिथे आहे तिथे बायका पाण्यात रमतात, गप्पा मारतात, वेळ घेतात. खोली छोटी असली तरी चालेल, पण तिला कडी हवी, खुंट्या हव्यात आणि पाय न घसरणारी फरशी हवी. कोणत्याही ऊन पाण्याच्या गावाने पहिला खर्च यावर करावा, असं माझं ठाम मत आहे.

पाणी काय करतं, याबद्दल अवास्तव दावे पुष्कळ होतात. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या रुंदावतात, स्नायू सैल होतात, पाण्यात वजन हलकं झाल्याने सांध्यांवरचा भार कमी होतो. गंधकाचा उपयोग त्वचेच्या काही तक्रारींवर औषधशास्त्रही करतं. एवढं खरं. मधुमेह बरा होतो, कोड जातं, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि गोळ्या चालू ठेवाव्या. हृदयविकार असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि अंगावर उघडी जखम असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. भरल्यापोटी किंवा दारू पिऊन तर मुळीच नाही. एका वेळी दहा मिनिटं पुरे. मग बाहेर बसून पाणी प्यायचं, श्वास सावकाश होऊ द्यायचा, आणि वाटलं तर पुन्हा उतरायचं. म्हणूनच मुक्काम. अर्ध्या दिवसात आलेला माणूस पैसे वसूल करायच्या नादात अर्धा तास सलग बसतो आणि गरगरत बाहेर येतो. रात्री राहिलेला माणूस संध्याकाळी थोडं, पहाटे थोडं असं बसतो, आणि मधल्या रात्री त्याला जी झोप लागते ती या पाण्याची खरी कमाई.

पहाटेचं कुंड बघायचं तर गणेशपुरीला. केरळातल्या कान्हनगडशी जोडलेले भगवान नित्यानंद १९३६च्या सुमारास या भागात आले आणि ८ ऑगस्ट १९६१ रोजी इथेच त्यांनी देह ठेवला. मुंबईतल्या उडुपी हॉटेलांत गल्ल्यामागे, उघड्या अंगाच्या एका सावळ्या साधूचा फोटो हार घालून लावलेला असतो, तो त्यांचाच. मंगळूर-उडुपीकडून येऊन मुंबईत हॉटेलं उभी करणाऱ्या पिढ्यांनी त्यांना आपलं दैवत मानलं. त्यामुळे भिवंडी तालुक्यातल्या या लहान गावात कुंडातून निघून ओल्या केसांनी इडली आणि वाफाळती कॉफी घेणारे भाविक दिसतात, आणि त्यात विसंगत काही वाटत नाही. स्वामींनी आसपासच्या आदिवासी मुलांना रोज जेवू घालण्याचा प्रघात पाडला. बालभोजन म्हणून तो गणेशपुरीत चालत आला आहे. न्हाणं आणि खाणं इथे एका माणसाने जोडून दाखवलं होतं.

आणि आता खाण्याकडे वळतो, कारण मला वाटतं खरी संधी तिथे आहे.

क्यूशू बेटावरचं बेप्पू हे जपानचं सर्वांत उसळतं ओन्सेन-शहर. तिथे उगम दोन हजारांहून जास्त. त्याच्या कान्नावा भागात जमिनीतून येणाऱ्या वाफेवर लोक रताळी, भोपळा, कोबी, अंडी, मासे शिजवतात. बांबूच्या टोपल्या वाफेच्या चुलीत ठेवायच्या, झाकण घालायचं, थोड्या वेळाने काढायचं. तेल नाही, मसाला नाही, फक्त मीठ. अंड्याची तर खास रीत आहे: ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात सावकाश ठेवलं की बलक घट्टसर होतो आणि पांढरं दुधाळ, लिबलिबीत राहतं. आपल्या देशात मणिकरणच्या गुरुद्वाऱ्यात लंगरचा भात कुंडातच शिजतो, कारण ते पाणी उकळीच्या जवळ असतं. वज्रेश्वरीच्या पाण्यात भात शिजणार नाही, तेवढं ते तापलेलं नाही. उन्हवऱ्याचं पाणी मात्र सत्तरच्या घरात जातं, म्हणजे जपानी अंड्याला ते नेमकं आहे. तिथल्या एखाद्या बचतगटाने न्हाण्याच्या कुंडापासून दूर, उगमाच्या पाटावर वेगळी टाकी बांधून गावठी अंडी करून बघावीत, असं मला मनापासून वाटतं.

पण नक्कल करायची गरजच नाही, इतकं या पट्ट्यात आधीपासून आहे. वाफेवर शिजवण्याची कला तर घरचीच. पालघरकडे थंडीत उकडहंडी लावतात. वालपापडी, कोनफळ, रताळी, बटाटे, हिरव्या मसाल्याने माखून मडक्यात भरायचे, तोंड पाल्याने बंद करायचं आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालत नाहीत. खाली रायगडात हीच जात पोपटी म्हणून ओळखली जाते. तिच्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात आणि वालाच्या शेंगांत अंडी किंवा कोंबडीही लपवतात. मडकं फोडलं की जो वास सुटतो त्यात त्या पाल्याचा कडसर सुगंध असतो. कान्नावाच्या वाफेच्या चुली बघायला जगभरून लोक जातात. आपल्या शेताच्या बांधावर पेटलेली पोपटी बघायला आपणच जात नाही.

जव्हारचा लांबचा रस्ता मी का धरायला सांगतो, त्याचं उत्तर इथे आहे. नाशिकची बाजरी आणि इगतपुरी-पेठकडची खुरासणीची चटणी मागे सोडून घाट उतरू लागलं की मोखाडा-जव्हारला नागली आणि वरई येते. उडदाची जाडसर डाळ, वर लसूण-मिरचीची फोडणी, बरोबर नागलीची भाकरी. मोहाच्या बियांचं तेल अजून काही घरांत वापरात आहे. आणखी खाली वाड्याला आलं की तांदूळ सुरू होतो. वाडा कोलम हा बारीक, हलका तांदूळ. त्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मग तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी, केळीच्या पानातली पानगी, सुकट, सुके बोंबील, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं. एका दिवसात डोंगर उतरताना थाळी बदलत जाते, आणि शेवटी पाणीसुद्धा बदलतं. नव्या रस्त्याने आलं की ही सगळी उतरण एका बोगद्यात संपते.

पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं निघतात. जंगलात जमिनीतून वर आलेले हे तपकिरी कोंब नुसते शिजवून खाल्ले तर घशाला खाज सुटते. म्हणून त्यांच्याबरोबर काकडं नावाची आंबट रानफळं वाटून घालतात. बाजारात शेवळं विकणारी वारली किंवा ठाकर बाई काकडांचा वाटा न मागताच शेजारी ठेवते, कारण एकाशिवाय दुसरं निरर्थक. पाठोपाठ टाकळा, लोत, कवळी, कुरडू, आणि बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना इकडे शिंद किंवा वास्ते म्हणतात. ते चिरून, भिजवून, पाणी बदलून कडवटपणा काढावा लागतो. आता जपानकडे बघा. डोंगरातल्या ओन्सेन-गावच्या उतारगृहात वसंतात जे ताट येतं, त्याचा मान रानभाज्यांना असतो: नेच्याचे कोवळे कोंब, बांबूचे कोंब, रानातला पाला. त्या नेच्यांनाही कडवटपणा असतो आणि तो राखेच्या पाण्यात भिजवून काढतात. रानातला विष-कडवटपणा ओळखून त्यावर उतारा शोधणारी दोन डोंगरी ज्ञानं, हजारो कोस दूर, एकाच वळणाची. तिथे ते ज्ञान पाहुण्याच्या ताटात मानाने वाढलं जातं, कुठल्या डोंगरातून आणलं तेही सांगतात. इथे रस्त्याच्या कडेला बाई शेवळांचे वाटे घेऊन बसलेली असते आणि तिच्या मागच्या हॉटेलच्या फलकावर पनीर मसाला, हाका नूडल्स आणि पावभाजी असते.

मी हॉटेलवाल्यांना दोष देत नाही. पाच तासांसाठी आलेला पाहुणा ओळखीचंच मागतो. त्याला पोट भरायचं असतं आणि निघायचं असतं. रानभाजी निवडायला वेळ लागतो, बिरडं सोलायला वेळ लागतो, पोपटी लावायला थंडीची रात्र लागते. जेवण बदलायचं तर आधी पाहुण्याचं घड्याळ बदलावं लागेल.

प्रवाशासाठी मुक्कामाची सोय करणं ही कल्पना आपल्याला बाहेरून आणायची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा हा जावई, काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले, विहिरी-तळी केली, दमणगंगा, तापी, पार आणि डहाणूच्या खाडीसारख्या पाण्यांवर फुकट नावा चालवल्या, असं त्यात नोंदलं आहे. गोवर्धन म्हणजे आपलं नाशिक, शूर्पारक म्हणजे नालासोपारा. या दोन टोकांमधला व्यापाराचा रस्ता सह्याद्री उतरून जिथून जात असणार, त्याच मुलखात हे झरे आहेत. आणि त्याच लेण्यांत भिक्षूंसाठी कोरलेली पाण्याची टाकी अजून भरलेली असतात. पाणी, निवारा आणि वाट या तिन्हींचा एकत्र विचार करणारा एक माणूस नाशिकच्या कातळावर आपलं नाव कोरून गेला आहे.

या सोयीचा खर्च कसा भागवायचा, याचंही एक उत्तर जपानकडे आहे आणि ते मला फार आवडलं. ओन्सेनमध्ये न्हाणाऱ्या प्रत्येकाकडून गावाची नगरपालिका स्नानकर घेते, साधारण १५० येन. तो पैसा उगमांचं रक्षण, स्वच्छता, अग्निशमन आणि पर्यटनाच्या सोयी एवढ्यासाठीच वापरायचा असतो. शिवाय नवा उगम खणायचा तर प्रांताच्या राज्यपालाची परवानगी लागते, कारण एकाने खोल विंधन घेतलं तर शेजारच्या शतकभर जुन्या झऱ्याचं पाणी उतरू शकतं. आपल्या कुंडांभोवती रिसॉर्टं वाढताहेत. प्रत्येकाला आपल्या आवारात ऊन पाणी हवं आहे. भेगेतून येणारं पाणी एकच आहे, हे गावाने आत्ताच लक्षात घ्यायला हवं.

स्नानकर मात्र जसाच्या तसा इथे आणू नये, असं मला वाटतं. आपल्या कुंडांचं मोठेपण हे की तिथे कातकरी मजूर आणि ठाण्याचा सोसायटीवाला एकाच पाण्यात बसतात, आणि दोघांपैकी कुणालाच तिकीट विचारलं जात नाही. हे मोडता कामा नये. पैसा मुक्कामावर घ्यावा. जो खोलीत राहतो, ज्याची गाडी गावात उभी राहते, त्याच्याकडून थोडी रक्कम, आणि ती थेट कुंडाच्या सफाईला, बायकांच्या खोलीला आणि कचरा उचलणाऱ्या बाईच्या पगाराला. हिशेबाचा फलक कुंडाजवळच लावावा. २०२६-२७च्या सिंहस्थात नाशिक-त्र्यंबकला लोटणाऱ्या गर्दीतला काही भाग घाट उतरून इकडे येणारच. त्याआधी एवढं झालं तर गाव त्या गर्दीला सामोरं जाऊ शकेल.

जाणाऱ्यांसाठी थोडं. भर पावसात तानसेला पूर आला की नदीकाठची कुंडं गढूळ होतात, काही बुडतात. शेवळांसाठी जूनमध्ये जायचं तर खाण्यासाठी जावं, न्हाण्याची आशा फार धरू नये. न्हाण्याचे खरे दिवस दिवाळीनंतर सुरू होतात. निफाडचा पारा एक आकडी होतो आणि नाशिकची हाडं कुरकुरतात, त्या पौष-माघात तर हे पाणी अमृत आहे, आणि वालाच्या शेंगाही तेव्हाच भरतात. शनिवार-रविवार टाळावा. चैत्रातल्या वज्रेश्वरीच्या जत्रेत गर्दीची हौस असेल तरच जावं. हॉटेलऐवजी जेवण करून देणारं एखादं घर विचारावं. वाड्याकडच्या गावांत अशी घरं मिळतात. मात्र बिरडं हवं असेल तर दोन दिवस आधी कळवावं लागतं. वाल रात्रभर भिजत घालायचे, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा. पोपटी किंवा उकडहंडी हवी असेल तर किती माणसं येणार तेही सांगावं, कारण मडकं त्या मापाचं निवडतात.

संध्याकाळी पोहोचून आधी कुंड, मग जेवण. उलट करू नये.